बोक्याचा कोपऱ्यातला पाव

माझ्या धाकट्या भावाला सगळे बोका म्हणायचे. लहानपणी थंडीच्या दिवसांत तो भट्टीच्या मागच्या कट्ट्यावर, जिथे ऊब टिकून राहते तिथे, अंगाचं मुटकुळं करून झोपायचा. म्हणून वडिलांनी ते नाव ठेवलं. पुढे त्याचे केस पिकले, पोट सुटलं, पण नाव काही सुटलं नाही. गिऱ्हाइकं त्याला तोंडावर बोकाशेठ म्हणत आणि तोही खुशाल ओ देई. त्याला मुलगी झाली तेव्हा नावासाठी कुणाला डोकं चालवावं लागलं नाही. बोक्याची मुलगी, मनी.

बेकरी वडिलांची. ते गेल्यावर आम्ही दोघा भावंडांनी ती चालवली. पीठ बोक्याचं, भट्टी माझी, आणि मनी मोठी झाल्यावर गल्ला तिचा. मनीची आई ती लहान असतानाच गेली. मी लग्नाच्या वाटेला गेलेच नाही. खाली दुकान, वर दोन खोल्या आणि माणसं तीन. भांडायलाही आम्हीच आणि समजूत काढायलाही आम्हीच.

वडिलांचा एक नियम होता. जो पाव विकायचा तोच घरी खायचा. घरासाठी वेगळा पाव भाजायचा नाही, चांगला नाही आणि वाईटही नाही. आपल्या ताटात दुसरा पाव आला की आपला हात बिघडायला लागतो, असं ते म्हणत. एकदा मी हौसेने घरापुरता लोणी घातलेला पाव भाजला होता. तो त्यांनी काउंटरवर नेऊन ठेवला आणि गिऱ्हाइकाला देऊन टाकला. बोका तेव्हा दोन दिवस माझ्यावर रुसला होता, कारण त्याला वासच फक्त मिळाला.

बोक्याचं खरं कौतुक म्हणजे त्याची जीभ. मळलेल्या पिठाचा वाटाण्याएवढा गोळा तो तोंडात टाकायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "आज मीठ चिमूटभर जास्त पडलं." काट्यावर पाहिलं तर खरंच पडलेलं असायचं. मिठाचं पोतं नव्या दुकानातून आलं तरी त्याला कळायचं. मनी म्हणायची, "बाबा, तुमच्या जिभेचा विमा उतरवा." तो म्हणायचा, "आधी तुझ्या जिभेचा उतरवू. ती जास्त चालते."

तर असा हा माणूस एका सकाळी काउंटरजवळ चहा पीत उभा होता. कप हातातून निसटला. तो खाली बघतच राहिला, जणू कप दुसऱ्याच कुणाचा होता. मनी म्हणाली, "अहो बाबा, फोडला ना!" त्याने काहीतरी उत्तर दिलं, पण शब्द सगळे एकमेकांत चिकटलेले होते. तोंड एका बाजूला ओघळलं होतं. मी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

दवाखान्यात पोचेपर्यंत तोंड पुन्हा सरळ झालं आणि शब्दही सुटे झाले. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण, पण घाई न करणाऱ्या. त्यांनी बीपी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या.

"काका, हा लहान झटका होता. आला आणि गेला. पुढचा असा जाईल याची खात्री नाही. गोळ्या रोज घ्यायच्या. आणि मीठ कमी करायचं."

"मी जेवणावर वरून मीठ घेतच नाही," बोका म्हणाला. तोंडावर केवढा पुण्यवानाचा भाव!

"दिवसाला पाव किती खाता?"

"एक."

"एक काप?"

"काप कोण खातं, बाई? एक पाव."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "आजी, यांच्या पोटात जाणारं निम्मं मीठ तुमच्या पावातूनच जात असणार. ते दिसत नाही, म्हणून कुणी मोजत नाही."

बाहेर आल्यावर बोक्याला सगळ्यात जास्त कशाचं दुःख झालं असेल तर ते याचं की त्याला काका आणि मला आजी म्हटलं. नाही, दुःख कसलं, तो हसत सुटला. "म्हणजे तू माझी आई झालीस की! आई, मला फुगा घे." मी रस्त्यात त्याला एक चापटी मारली. मग मला रडू आलं आणि ते लपवायला मी पदराने नाक पुसत राहिले.

डॉक्टरीणबाईंनी एक छापील पत्रक दिलं होतं. बोका शाळेत गेला होता, मी नाही. मी पन्नाशी उलटल्यावर वाचनालयातल्या संध्याकाळच्या वर्गात अक्षरं शिकले, त्यामुळे माझं वाचन बोट धरून चालतं. पण एकदा वाचलेलं मी सोडत नाही. त्या पत्रकात होतं की मीठ थोडं कमी केलं तर एकेका माणसाचं बीपी फार नाही, थोडंसंच उतरतं. पण हजारो माणसांचं थोडं थोडं उतरलं की त्यांच्यातले झटके कमी होतात. आणि खाली होतं की पावातलं मीठ एकदम न काढता थोडं थोडं करून काढलं, तर खाणाऱ्यांना बहुधा कळतही नाही. संशोधकांनी लोकांना खायला देऊन, विचारून हे पाहिलेलं होतं.

मला आधी सोपं वाटलं. मी बोक्याला म्हटलं, "तुझ्यापुरता एक अळणी पाव रोज भाजू."

"आजाऱ्याचा पाव?" तो म्हणाला. "मी नाही खाणार."

"अरे, तू आजारीच आहेस!"

"असेन. पण वडिलांचा नियम आहे. विकतो तोच खायचा. मी मरेपर्यंत तरी पाळणार." आणि तो पिठाकडे पाठ फिरवून साचे पुसायला लागला. हा त्याचा हट्ट मला पाठ होता. साचे पुसायला घेतले की बोलणं संपलं.

मी रात्रभर विचार केला आणि सकाळी त्याला सांगितलं, "ठीक आहे. मग सगळ्यांच्याच पावातलं मीठ कमी करू."

तो हसला. मग त्याच्या लक्षात आलं की मी हसत नाही.

"ताई, गिऱ्हाईक जाईल."

"लोकांना कळत नाही, असं लिहिलंय."

"मला कळेल ना!"

"तुला कळू दे. तू आपला गप्प बस."

"आणि मीठ कमी झालं की पीठ ऐकत नाही, ठाऊक आहे ना तुला? भराभरा फुगतं, हाताला चिकटतं. वडील मीठ टाकायचे ते नुसतं चवीसाठी नाही. पिठाला लगाम लागतो त्याने."

"म्हणून तर तू आहेस," मी म्हटलं.

हे मी सहज बोलले, पण ते त्याला लागू पडलं. दहा किलो मैद्याला दोनशे ग्रॅम मीठ असं आमचं वडिलांपासूनचं माप. त्या आठवड्यात बोक्याने काट्यावरून एक चमचा मीठ परत पिंपात टाकलं. पुढच्या आठवड्यात आणखी एक. पीठ खरंच माजलं. पहिल्या काही दिवसांत ते साच्यांवरून ओघळून खाली पडायचं आणि भट्टीतून पाव फिकट निघायचे, तापातून उठलेल्या माणसासारखे. बोका शिव्या घालायचा, कधी पिठाला, कधी मला, कधी डॉक्टरीणबाईंना. मग तो गार पाणी घालू लागला, यीस्ट कमी केलं, फुगण्याचा वेळ कमी केला, मळणं वाढवलं. घड्याळ पाहायचा नाही. पिठात बोट रुतवायचा आणि खळगा कसा भरून येतो ते पाहायचा. हळूहळू पाव पुन्हा उभे राहिले. एका दिवशी त्याने गरम पाव हातात उचलून खालून टिचकी मारली, ढोलासारखा आवाज आला, आणि तो म्हणाला, "ये, आता कुठे जातोस!" जणू पळून जाणाऱ्या वासराला कान धरून आणलं.

गिऱ्हाइकांमध्ये एक तक्रारमामा होते. निवृत्त माणूस, सकाळी दुकान उघडायच्या आधी दारात. त्यांना पावाची साल कधी कडक वाटायची, कधी मऊ. भोकं मोठी. कागद पातळ. मनीने सुटे दिले तर नाणी मळकी. आम्ही त्यांच्यावर सगळी परीक्षा ठेवली होती. मीठ जवळजवळ निम्म्यावर येईपर्यंत त्यांनी या जगातल्या सगळ्या गोष्टींची तक्रार केली, मिठाची केली नाही. मनीने एकदा मुद्दाम विचारलं, "मामा, चवीला कसा वाटतो?" ते म्हणाले, "चवीचं काय, चव आहे. पण तुमचा पंखा आवाज करतो."

ते गेल्यावर आम्ही तिघं इतके हसलो की बोक्याला ठसका लागला. मी पाठीवर थोपटत असताना मला वाटलं, जमलं. आता हा वाचला.

डॉक्टरीणबाई आमच्याकडूनच पाव नेत. त्यांना मी मिठाचं सांगितलं तेव्हा त्या काउंटरला टेकून उभ्याच राहिल्या. पुढे त्या म्हणाल्या की गल्लीतल्या काही लोकांचं बीपी जरा उतरलंय. "पण आजी, ते तुमच्या पावाने, का गोळ्यांनी, का आणखी कशाने, हे मी नाही सांगू शकत. कुणी मोजून पाहिलेलं नाही." मला त्यांचं हे आवडायचं. जेवढं ठाऊक तेवढंच बोलायच्या.

"आणि आमच्या बोक्याचं?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. "काकांचंच उतरत नाही. गोळ्या घेतात ना?"

गोळ्या तो माझ्यासमोर घ्यायचा. वरून मीठ नाही. लोणचं-बिणचं घरात ठेवायचं मी बंद केलं होतं. दिवसाला एक पाव खायचा तो अर्ध्यावर आला होता, आणि मी तर म्हणायचे, बघा, किती शहाण्यासारखं वागतो. मग उतरेना का? डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलली. तरी तेच.

दुपारी सगळे पाव निघाले की मी भट्टी विझवायचे आणि वर स्वयंपाकाला जायचे. भट्टी तशी संध्याकाळपर्यंत गरम राहते. बोका खाली फळ्या घासायचा, काटा पुसायचा. एका दुपारी मी चष्मा खाली विसरले म्हणून परत आले. बोका भट्टीच्या दारासमोर वाकलेला होता. लांब दांड्याच्या फळीवर एक छोटा गोल पाव. मुठीपेक्षा जरासा मोठा. आमच्याकडे गोल पाव आम्ही कधीच करत नव्हतो.

"हे काय?" मी विचारलं.

"पाव."

"कुणाचा?"

तो सरळ उभा राहिला. फळी तशीच हातात. "बोक्याचा."

मी पुढे होऊन पावाला हात लावला तर भाजलं. मी बोट तोंडात घातलं. त्याला चिकटलेला पापुद्रा जिभेला खारट लागला आणि मला सगळं कळलं. सकाळच्या पिठातला एक गोळा तो बाजूला काढायचा, त्यात जुन्या मापाचं मीठ मळायचा, डब्यात झाकून ठेवायचा आणि मी वर गेले की भट्टीच्या मागच्या कोपऱ्यात भाजायचा.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून नाही," तो म्हणाला. "मी खरंच प्रयत्न केला, ताई. निम्मं होईपर्यंत केला."

"नियम कुठे गेला तुझा? मरेपर्यंत पाळणार होतास ना?"

"मोडला." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "वडील असते तर त्यांनी मलाच या फळीवर बसवून आत सरकवलं असतं."

मला हसू आलं आणि त्याचाच राग आला. "मी तुझ्या एकट्यासाठी अख्ख्या गल्लीचं मीठ काढलं रे, मेल्या!"

"ठाऊक आहे. म्हणून तर तुला सांगवेना." तो कट्ट्यावर बसला. पाव मांडीवर घेतला, गरम असून. "दुकानातला तो पाव वाईट नाही. मीच करतो, मला माहीत नाही का? लोकांसाठी चांगला आहे आणि मी तो करत राहणार. पण मला तो लागतच नाही. तोंडात कापूस ठेवल्यासारखं होतं. तुम्हा सगळ्यांना कळलं नाही तो कधी बदलला ते. मला प्रत्येक चमचा कळला. प्रत्येक चमच्याला वाटलं, हं, आणखी थोडा मी जुना झालो." मग जरा थांबून म्हणाला, "खाल्ल्या मिठाला जागायचं असतं म्हणतात. मी जागतोय."

"थट्टा पुरे."

"बरं."

मी त्याच्या शेजारी बसले. माझ्या मनात आलं की पाव उचलावा आणि नाल्यात फेकून द्यावा. त्याच्या हातावर पीठ वाळून पापुद्रे झाले होते. वडिलांच्या हातावर व्हायचे तसेच. मी पाव फेकला नाही. मी म्हटलं, "गल्लीचं मीठ जसं उतरवलं तसं तुझ्या या पावाचंही उतरव. आठवड्याला थोडं थोडं. एकदम नको."

"वजन करून?"

"तुला वजन कशाला लागतं? जिभेनं."

"चालेल," तो म्हणाला. "शब्द देतो."

"मनीला सांगू का?"

"मनीला सांगितलंस तर ती मला रोज सकाळ-संध्याकाळ खाईल. मग पावाची गरजच नाही उरायची." त्याने पाव मोडला, वाफ आली, आणि एक तुकडा माझ्यापुढे केला. मी घेतला नाही. तो तुकडा त्याने खाल्ला. खाताना त्याने डोळे मिटले होते.

त्यानंतर मी दुपारी खाली यायचे नाही. शब्द दिला होता, त्याच्यावर पाळत काय ठेवायची? कधी कधी जिन्यात वास यायचा. बीपी जरासं उतरलं, मग पुन्हा चढलं, मग जरासं उतरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बघू या." मीही म्हणाले, बघू या.

तो पडला तेव्हा दुपारच होती. मी वर भाजी चिरत होते. खाली काहीतरी जड आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ मनीची किंकाळी. जिना कसा उतरले मला आठवत नाही. तो काट्याच्या टेबलाशेजारी पडला होता, डोळे उघडे, एक हात पिठाच्या पोत्यावर. मनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन म्हणत होती, "बाबा, बोला ना. काहीही बोला. शिवी द्या." तो नाही बोलला. मोठ्या इस्पितळात त्याला नेलं. तिथे तो आणखी दोन रात्री होता, पण आम्हाला ओळखलं असं वाटलं नाही. मनी म्हणते तिचा हात त्याने दाबला. मी हो म्हणते.

सगळं उरकून आम्ही परत आलो तेव्हा दुकानात शिळ्या यीस्टचा वास कोंडला होता. मनी वर गेली. मी भट्टीचं दार उघडलं. मागच्या कोपऱ्यात तो गोल पाव होता. पडायच्या आधी त्याने तो आत सरकवला होता आणि नंतर कुणाच्याच ध्यानात नव्हतं. वरून काळपट झाला होता, दगडासारखा कडक. मी तो फळीने ओढून बाहेर काढला आणि पदरात घेतला.

मला एकच गोष्ट हवी होती. त्याने शब्द पाळला होता की नाही, एवढं. पाळला असेल तर माझं मन एका जागी बसेल. नसेल पाळला तरी बसेल, दुसऱ्या जागी. मी सुरीने पाव फोडला, आतला पांढरा भाग काढला, पाण्यात बुडवला आणि तोंडात घातला.

खारट होता. इतका खारट की मला तो गिळवेना. मी म्हटलं, बोक्या, फसवलंस मला. मग मला वाटलं, थांब. मी वर्षभर आमचा नवा पाव खात होते. माझी जीभ आता कशी झाली होती? जुन्या मापाचा पाव कसा लागायचा हे मला आठवायला हवं होतं आणि आठवत नव्हतं. थोडं मीठ उतरवलेला पावही मला आता खारटच लागला असता. मी दुसरा तुकडा खाल्ला, तिसरा खाल्ला. डोळ्यांतलं पाणी ओठांवर येत होतं, त्यामुळे तर काहीच कळेना. हा पाव चाखून नेमकं सांगणारा माणूस एकच होता.

मनी जिन्यात उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. मग तिला सांगावंच लागलं.

ती पायरीवर बसली. नंतर म्हणाली, "म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांनी बाबांच्या वाटचा पाव खाल्ला, आणि बाबांनी नाही."

"तसंच."

"आत्या, तो शेवटचा पाव तू सगळा खाल्लास?"

"टोक ठेवलंय."

तिने ते टोक घेतलं. चावता येईना, म्हणून ती ते नुसतं तोंडात धरून बसली.

दोन आठवड्यांनी मी दवाखान्यात गेले. मला काही झालं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी माझा हात हातात घेतला आणि तसाच ठेवला. मी विचारलं, "त्याने आमचाच पाव खाल्ला असता, तर तो राहिला असता का?"

त्या म्हणाल्या, "आजी, मी हो म्हटलं तर ते खोटं होईल. नाही म्हटलं तरी खोटंच होईल. संशोधन हजारो माणसांचं असतं. त्या हजारांमध्ये किती झटके टळतात ते मला सांगता येतं. कुणाचा टळला आणि कुणाचा नाही टळणार, हे एकेका माणसाबद्दल नाही सांगता येत. काकांची नस आधीपासूनच खराब असेल. नसेलही."

"मग उपयोग काय त्याचा?"

"ज्यांचा टळला त्यांना उपयोग झाला. फक्त त्यांना ते कधीच कळत नाही. ते आपले सकाळी उठतात आणि कामाला जातात."

मी घरी येऊन हे मनीला सांगितलं. ती म्हणाली, "वा! म्हणजे जो वाचला त्याचं नाव नाही. जो गेला त्याचं मात्र आहे." आणि खरकटी भांडी इतक्या जोरात घासायला लागली की खालच्या रस्त्यावर आवाज जात असेल.

दुकान उघडायचं ठरवलं त्या दिवशी मनी पिठाशी उभी राहिली. तिला बाबांनी लहानपणी मळायला शिकवलं होतं, पण ते जुन्या मापाचं पीठ. हे नवीन पीठ कसं सांभाळायचं ते बोक्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. मलाही नाही. मला तर वाटत होतं की मला सगळं ठाऊक आहे. रोज समोरच उभी असायचे ना. पण मी पाहायचे ते भट्टीकडे.

पहिला घाणा, एका वेळचं मळलेलं सगळं पीठ, वाहून गेला. मनीने गार पाणी घातलं तर फुगेना, कोमट घातलं तर थांबेना. पीठ तिच्या कोपरापर्यंत चढलं, केसांना लागलं. दुसऱ्या घाण्यालाही तेच. बाहेर शटरपलीकडे माणसं जमली होती, त्यांचं खोकणं आणि चपलांचा आवाज येत होता. मनीने हात झटकले, पण काहीच पडलं नाही. ती रडायला लागली आणि डोळे पुसायला तिला स्वच्छ असं काहीच नव्हतं, म्हणून मी पुसले.

"आत्या, मीठ टाकते," ती म्हणाली. "आधी होतं तेवढं. पीठ लगेच आवरेल. आता कुणासाठी हा त्रास? बाबा गेले. आणि त्यांनी तर तो खाल्लाही नाही."

तिने पिंपाचं झाकण काढलं आणि मूठ भरली. चुकीचं काहीच बोलत नव्हती ती. ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो नव्हता. मीठ टाकलं असतं तर तासाभरात पाव उभे राहिले असते, आणि कुणाला काही कळलंही नसतं. मला 'टाक' म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आला होता.

तेवढ्यात शटरवर कुणीतरी हळूच थाप मारली. "घाई नाही हं," एक आवाज म्हणाला, "आम्ही थांबतो." बाईचा आवाज होता, पण कुणाचा ते मला ओळखता आलं नाही. शिंपीण असेल, किंवा समोरच्या घरातली सून, किंवा तिची सासू. मी मनातल्या मनात एकेक चेहरा पुढे आणून पाहिला. यांच्यापैकी एखादीच्या हातून उद्या सकाळी कप निसटायचा असेल, आणि कदाचित या पावामुळे निसटणार नाही.

"राहू दे," मी मनीला म्हटलं.

"कुणासाठी, आत्या? एक नाव सांग. एक सांगितलंस तर नाही टाकत."

"नाव मला सांगता येत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मुठीतून मीठ थोडं थोडं गळत होतं आणि तिच्या पायावर पडत होतं. समजावण्यासारखं माझ्याजवळ होतं ते मी बोलून बसले होते.

मग तिने मूठ पिंपावर उघडली. झाकण लावलं. तिसऱ्या घाण्यासाठी मैदा ओतला, बादलीतलं पाणी मनगटावर घेऊन पाहिलं, आणि मला म्हणाली, "तू शटर अर्धं उचल. आज पाव चपटे मिळतील, असं सांग त्यांना."

मी शटरकडे गेले. मागे तिने पिठात पुन्हा हात घातले होते.